दिव्याखालचा अंधार

पालघर जिल्ह्यात, बोईसर रेल्वे स्थानकाच्या पश्चिमेस, अरबी समुद्राच्या काठी तारापूर नावाचे गाव आहे. पूर्वी ते तेथील किल्ल्यामुळे प्रसिद्ध होते. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या सैन्याने हा किल्ला पोर्तुगिजांकडून जिंकून घेतला. आज मात्र तारापूरचे नाव देशभर घेतले जाते, ते निराळ्याच कारणाने. भारतातील पहिले अणुवीज केंद्र येथे उभारण्यात आले. १९६९ च्या ऑक्टोबर महिन्यात त्याच्या पहिल्या दोन संचांतून नियमित वीजपुरवठा सुरू झाला. पुढे २००५ आणि २००६ मध्ये प्रत्येकी ५४० मेगावॅटचे आणखी दोन संच त्यात सामील झाले.

या केंद्रात वीज कशी निर्माण होते? युरेनियमच्या अणूंचे विभाजन झाले म्हणजे प्रचंड उष्णता उत्पन्न होते. त्या उष्णतेने पाण्याची वाफ होते. वाफेच्या जोराने टर्बाइनचे चक्र फिरते आणि त्याला जोडलेले जनित्र वीज निर्माण करते. वाफ पुन्हा थंड करण्यासाठी समुद्राचे पाणी उपयोगी पडते. केंद्र समुद्रकाठी बांधण्याचे हे एक कारण होय.

आता कोणी असे समजेल की, ज्याच्या शेजारी एवढे मोठे केंद्र, त्या मुलखातील प्रत्येक गल्ली आपोआप उजळून निघत असेल. पण तसे होत नाही. केंद्रातील वीज उंच मनोऱ्यांवरील तारांतून दूरदूर जाते आणि इतर केंद्रांच्या विजेत मिसळते. मग उपकेंद्रात तिचा दाब कमी करून महावितरण कंपनी ती घरोघरी पोहोचविते. तिचा दर राज्याचा वीज नियामक आयोग ठरवितो. तो ठरविण्यापूर्वी लोकांच्या सूचना व हरकती विचारात घ्याव्या लागतात.

रस्त्यावरच्या दिव्याची गोष्ट वेगळी आहे. सार्वजनिक रस्त्यांवर दिवाबत्ती करणे आणि नागरिकांना पाणी पुरविणे ही नगरपरिषदेची कर्तव्ये आहेत, असे १९६५ च्या महाराष्ट्र नगरपरिषद कायद्यात सांगितले आहे. पालघर शहराचा कारभार अशीच नगरपरिषद पाहते. बोईसरसारख्या मोठ्या गावाचा कारभारही ग्रामपंचायतीने सांभाळलेला आहे. ग्रामपंचायतीच्या गावात ग्रामसभा भरते. गावातील प्रत्येक मतदार तिचा सभासद असतो.

ही कर्तव्ये पार पाडणे वाटते तितके सोपे नाही. समजा, एका लहान शहराच्या नगरपरिषदेची सभा भरली आहे. एक सदस्या म्हणतात, “आमच्या आळीत एकही दिवा नाही. संध्याकाळी कामावरून परतणाऱ्या बायकामुली जीव मुठीत धरून चालतात.” दुसरे सदस्य उठतात, “आमची वस्ती उंचावर आहे. नळाला पाणी चढत नाही. आधी नवा पंप बसवा.” तिसरे सदस्य म्हणतात, “पंप विजेवर चालणार. त्याचे बिल कोण भरणार?”

तिघांचेही म्हणणे खरे आहे, पण पैसा थोडा आहे. तेव्हा अभियंता फळ्यावर एक हिशेब मांडतो. १०० वॅटचे १०० दिवे १० तास लावले, तर १०० युनिट वीज खर्च होते. त्यांच्या जागी तेवढाच उजेड देणारे ४० वॅटचे दिवे बसविले, तर ४० युनिटच लागते. म्हणजे रोज रात्री ६० युनिट वीज वाचते. वाचलेल्या पैशातून पंपाचे बिल भरता येईल.

बऱ्याच चर्चेनंतर ठरते की, जुने दिवे बदलावेत आणि यंदा पंप बसवावा. अंधाऱ्या आळीला पुढील वर्षी पहिला मान द्यावा. त्या सदस्येचे समाधान होत नाही. त्या म्हणतात, “हे वचन इतिवृत्तात लिहून ठेवा.” तसे ते लिहिले जाते. पुढील वर्षी त्या ते पान उघडून दाखवितील.

अशा निर्णयांनी मोठ्या शहरांचाही इतिहास घडला आहे. मुंबईत एक खाजगी कंपनी वीज पुरवीत असे आणि ट्राम चालवीत असे. ७ ऑगस्ट १९४७ रोजी मुंबई महानगरपालिकेने तो सारा कारभार आपल्या हाती घेतला. तोच पुढे ‘बेस्ट’ या नावाने घराघरांत परिचित झाला.

विजेचा विचार करताना आणखी एक गोष्ट विसरता कामा नये. तारापूरच्या नव्या संचांसाठी अक्करपट्टी आणि पोफरण या गावांतील लोकांना आपली राहती घरे सोडावी लागली. त्यांच्या पुनर्वसनाचा प्रश्न न्यायालयापर्यंत गेला. आपण बटण दाबतो तेव्हा क्षणात उजेड पडतो, पण त्या उजेडासाठी कोणी तरी आपले अंगण सोडलेले असते.

‘दिव्याखाली अंधार’ अशी आपल्याकडे म्हण आहे. वीज निर्माण करण्याचे काम यंत्रे करतात. दिव्याखालचा अंधार मात्र यंत्राने जात नाही. त्यासाठी माणसांनी एकत्र बसावे लागते, दुसऱ्याची अडचण ऐकून घ्यावी लागते आणि दिलेला शब्द पाळावा लागतो.

स्वाध्याय

१. अणुवीज केंद्र समुद्रकाठी बांधण्याचे एक कारण सांगा.
२. ‘हे वचन इतिवृत्तात लिहून ठेवा,’ असे त्या सदस्या का म्हणाल्या?
३. तुम्ही त्या सभेत असता, तर आधी काय मागितले असते? कारणे द्या.
४. वाक्यात उपयोग करा : जीव मुठीत धरणे, शब्द पाळणे.
५. तुमच्या रस्त्यावरील दिवे मोजा. त्यांपैकी किती लागतात, ते वहीत लिहा.