शब्द आणि आक्षेप

लोहारा हे धाराशिव जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. तेथील मुलांना शब्दांच्या भेंड्या नव्या नाहीत. एका पक्षाने शब्द सांगावा आणि त्याच्या शेवटच्या अक्षरापासून दुसऱ्या पक्षाने नवा शब्द शोधावा, हा त्या खेळाचा साधा नियम. चतुर खेळाडू मुद्दाम अडचणीचे अक्षर पुढे ढकलतो. मग पेचात सापडलेला प्रतिपक्षाचा एखादा गडी कोणी कधी न ऐकलेला शब्द धिटाईने ठोकून देतो. लगेच समोरून आरोळी उठते, "असा शब्दच नाही!" "आहे!" "नाही!" असे होता होता खेळ बाजूला राहतो आणि भांडण जुंपते. शब्द खरा की खोटा, हे ठरवावे कोणी?

'स्क्रॅबल' या खेळात या प्रश्नाचे उत्तर नियमांनी बांधून दिले आहे. १९३० नंतरच्या मंदीच्या काळात आल्फ्रेड बट्स हा अमेरिकन वास्तुविशारद बेकार झाला. तेव्हा त्याने शब्दांचा एक खेळ रचला. कोणते अक्षर किती वेळा येते, हे त्याने वर्तमानपत्राच्या पानांवरून मोजले व त्यावरून अक्षरांची संख्या आणि गुण ठरविले. १९४८ मध्ये जेम्स ब्रुनो याने या खेळाला 'स्क्रॅबल' हे नाव दिले. त्याच्या पटावर २२५ घरे असतात आणि सोंगट्या १००. प्रत्येक खेळाडूजवळ एका वेळी सात सोंगट्या असतात. त्यांवरील अक्षरे जुळवून तो पटावर शब्द मांडतो. या खेळाची पहिली जागतिक स्पर्धा १९९१ मध्ये लंडन येथे झाली.

स्पर्धेत खेळाडूने मांडलेला शब्द खोटा आहे असे वाटले, तर प्रतिस्पर्ध्याने त्यावर आक्षेप घ्यायचा असतो. पहिल्या खेळाडूने नव्या सोंगट्या उचलण्यापूर्वीच हा आक्षेप यावा लागतो. मग ठरलेल्या शब्दसूचीत शब्द पाहिला जातो. तो तेथे नसेल, तर मांडणाऱ्याला आपल्या सोंगट्या परत घ्याव्या लागतात आणि त्या डावाचे गुण शून्य होतात. परंतु शब्द सूचीत सापडला, तर पुष्कळ स्पर्धांत आक्षेप घेणाऱ्यालाच दंड होतो. कोठे त्याचे पाच गुण जातात, तर अमेरिकेत त्याचा एक डाव जातो. शंका घेण्याचा हक्क आहे. पण त्या शंकेचे मोलही द्यावे लागते.

म्हणूनच येथे शब्दज्ञानाबरोबर हिशेबही लागतो. समजा, प्रतिस्पर्ध्याने संशयास्पद शब्दावर ७० गुण मिळविले आणि चुकीच्या आक्षेपाचा दंड ५ गुण आहे. अशा १५ प्रसंगांपैकी एकदाच आक्षेप खरा ठरला, तरी ७० गुण वाचतात. उरलेल्या १४ वेळांचा दंडही ७० गुणच होतो. म्हणजे जमाखर्च बरोबरीत सुटतो. याउलट शब्द आठच गुणांचा असेल आणि चुकल्यास संपूर्ण डाव जाणार असेल, तर शहाणा खेळाडू पुन्हा विचार करतो. मात्र प्रतिस्पर्ध्याच्या शेवटच्या शब्दाने आपली हार निश्चित होत असेल, तर गमावण्यासारखे काही उरत नाही. तेव्हा आक्षेप घेणेच योग्य.

आणखी एक नियम ध्यानात ठेवण्याजोगा आहे. ज्या खोट्या शब्दावर कोणी आक्षेप घेत नाही, तो पटावर तसाच राहतो आणि त्याचे गुणही मिळतात. पंच आपण होऊन काही बोलत नाही. समोरचा भिडेने किंवा आळसाने गप्प बसला, म्हणजे खोट्याला खऱ्याचा मान मिळतो. ही गोष्ट केवळ पटापुरतीच खरी आहे काय?

या खेळात शब्दाचा अर्थ मात्र कोणी विचारीत नाही. न्यूझीलंडचा नायजेल रिचर्ड्स याने २०१५ मध्ये फ्रेंच स्क्रॅबलचे जागतिक अजिंक्यपद मिळविले. त्याला फ्रेंच भाषा बोलता येत नव्हती. त्याने फ्रेंच शब्दांची सूची पाठ केली होती. २०२४ मध्ये स्पॅनिश भाषेतही त्याने तसाच पराक्रम केला. ही स्मरणशक्ती थक्क करणारी होय. तथापि शब्द ठाऊक असणे आणि भाषा येणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हेही त्यावरून कळते.

आता पुन्हा लोहाऱ्याकडे वळू. भेंड्यांत तेथील एखाद्या मुलीने 'येळवस' हा शब्द सांगितला आणि शहरातून आलेल्या पाहुण्या मुलाने आक्षेप घेतला, तर? मार्गशीर्षातील अमावास्येला त्या भागातील कुटुंबे शेतात जातात, कडब्याच्या कोपीत पूजा मांडतात आणि भज्जी व आंबील यांचे जेवण करतात. तो सण म्हणजे येळवस, अर्थात वेळ अमावास्या. हाताशी असलेल्या कोशात हा शब्द मिळाला, तर वादच मिटला. न मिळाला, तर खेळाच्या नियमाप्रमाणे डाव जाईल आणि मुलीने तो निर्णय मानावा. पण शब्द खोटा ठरला, असे तिने समजू नये. ज्या शब्दाने सारा गाव शेतात लोटतो, त्याला खोटा कसे म्हणावे?

कोश आकाशातून पडत नाहीत. मोल्सवर्थ याचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्ये निघाला. १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तीत सुमारे ६० हजार शब्द होते. यशवंत रामकृष्ण दाते व चिंतामण गणेश कर्वे यांच्या संपादनाखाली १९३२ ते १९३८ या काळात 'महाराष्ट्र शब्दकोशा'चे सात विभाग प्रसिद्ध झाले आणि १९५० मध्ये पुरवणी निघाली. त्यात कोकण, गोवा, वऱ्हाड अशा प्रांतांतील बोलींचे शब्दही खुणा करून नोंदविले आहेत. लोकांच्या तोंडचे शब्द कोणीतरी कान देऊन ऐकले, म्हणूनच ते कोशात आले.

तेव्हा अपरिचित शब्द ऐकताच "नाही" म्हणण्याची घाई करू नये; आणि संशय आल्यास मूग गिळूनही बसू नये. शब्द कोशात पाहावा. तेथे न मिळाल्यास सांगणाऱ्याला त्याचा अर्थ व उपयोग विचारावा. त्याला अर्थ सांगता आला नाही, तर आक्षेप कायम ठेवावा. सांगता आला, तर तो शब्द आपल्या वहीत उतरवून घ्यावा.

स्वाध्याय
१. चुकीच्या आक्षेपाला दंड नसता, तर खेळात काय झाले असते?
२. 'शब्द ठाऊक असणे आणि भाषा येणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत', हे विधान उदाहरण देऊन स्पष्ट करा.
३. तुमच्या गावी बोलले जाणारे, परंतु कोशात न सापडलेले पाच शब्द अर्थांसह लिहा.