प्यादं जाऊ द्या, हत्ती अडकवू नका

‘हत्तींचे एंडगेम बरोबरीतच सुटतात’ हे वाक्य स्पर्धेच्या हॉलमध्ये इतक्यांदा कानावर पडतं की एक प्यादं कमी असलेला नवा खेळाडूही निर्धास्त होतो. मला ते वाक्य धोक्याचं वाटतं. बरोबरी पटावर असते हे खरं, पण ती एकेका चालीने राखावी लागते, आणि तीही तीन-चार तास खेळून डोकं शिणल्यावर.

एका खुल्या स्पर्धेतला माझा डाव सांगतो. मी काळ्या मोहऱ्यांनी खेळत होतो. वजीर, उंट, घोडे सगळे कापले गेले. दोघांचा एकेक हत्ती उरला. राजाच्या बाजूला त्याची चार प्यादी, माझी तीन. मी एफ७, जी६, एच५ अशी मांडणी करून घेतली. एच५वरचं प्यादं फार मोलाचं, कारण त्यामुळे समोरच्याला जी४ करून सहज पसरता येत नाही. पुढे संधी मिळेल तेव्हा प्यादी कापत गेलो. प्यादं कमी असताना प्याद्यांची अदलाबदल करावी, हत्तींची मात्र फार हिशेब करूनच. हत्ती गेले की नुसत्या राजा-प्याद्यांत ते एक जादा प्यादं बहुतेकदा डाव घेऊन जातं.

शेवटी त्याचं एकच प्यादं राहिलं, ई५वर. त्याचा राजा डी५वर, हत्ती ए७वर. माझा राजा ई८वर, हत्ती बी६वर. फ्रेंच खेळाडू फिलिडोर याच्या नावाने ओळखली जाणारी ही स्थिती अठराव्या शतकापासून अभ्यासकांना ठाऊक आहे. इथे मन दोन चुकीच्या वाटा दाखवतं. एक म्हणजे घाबरून हत्ती आठव्या रांगेत राजाशेजारी आणून ठेवणं. कडेच्या किंवा त्याला लागून असलेल्या पट्टीतल्या प्याद्याविरुद्ध ते चालतं; मधल्या प्याद्याविरुद्ध डाव जातो, कारण शत्रूचा राजा सहाव्या रांगेत घुसतो आणि मात देण्याच्या धमक्या सुरू होतात. दुसरी वाट म्हणजे आत्ताच खाली जाऊन शह देत सुटणं. प्यादं अजून ई५वर असल्याने त्या राजाला ई६वर, प्याद्याच्या पुढे, आडोसा मिळतो आणि आपलं काम विनाकारण अवघड होतं.

करायचं ते साधं आहे. हत्ती सहाव्या रांगेतच ठेवायचा; बी६, जी६, पुन्हा बी६. राजाला त्या रांगेत पाऊल टाकता येत नाही. कंटाळून त्याने प्यादं ई६वर ढकललं की त्याच क्षणी हत्ती थेट पहिल्या रांगेत न्यायचा आणि मागून शह द्यायचे. आता ई६ प्याद्यानेच अडवलंय, राजाने लपावं कुठे? ती एक चाल मात्र लांबवायची नाही.

त्याने प्यादं ढकललंच नाही, नुसता हत्ती फिरवत राहिला. माझ्या घड्याळात दर चालीला मिळणारे ३० सेकंद तेवढे शिल्लक होते. तरी प्रत्येक चाल लिहीत होतो, म्हणून तीच स्थिती तिसऱ्यांदा येणार हे दिसलं. असा दावा करताना चाल खेळायची नाही. ती स्कोअरशीटवर लिहायची, घड्याळ थांबवायचं आणि पंचांना बोलवायचं. आधी चाल खेळून घड्याळ दाबलं की त्या वेळेपुरता हक्क गेला. कितीतरी मुलं हातातली बरोबरी इथे घालवताना मी पाहिली आहेत.

मोठ्यांच्या डावांतही हेच दिसतं. २०१३ साली चेन्नईत कार्लसनविरुद्धच्या जगज्जेतेपदाच्या लढतीत आनंद सहावा डाव हत्तींच्या एंडगेममध्ये हरला. प्यादी कमी असूनही ६०व्या चालीपर्यंत बरोबरी शिल्लक होती. बी४ ऐवजी हत्ती ए४वर गेला आणि संपलं. आनंदसारख्याला जिथे एक चाल भोवते, तिथे आपण ‘ड्रॉच आहे’ म्हणून अंदाजाने खेळणं परवडत नाही.

उलट धडा कापाब्लांकाचा. १९२४ साली न्यूयॉर्कला टार्टाकोवरविरुद्ध त्याने दोन प्यादी शहासकट जाऊ दिली, पण राजा एफ६पर्यंत चढवला. हत्ती आधीच सातव्या रांगेत होता. त्या जोडीपुढे जादा प्याद्यांचं काही चाललं नाही. हा डाव एकदा तरी पटावर मांडून पाहाच. मला तरी प्याद्यापेक्षा मोहऱ्यांचं मोकळेपण मोठं, हे इतकं स्पष्ट दुसऱ्या कुठल्या डावात दिसलेलं नाही.

प्यादं तुमच्याकडे जादा असेल तर लुसेनाची स्थिती शिका: प्यादं सातव्या रांगेत, राजा त्याच्या पुढे, आणि हत्ती चौथ्या रांगेत आणून शहांपासून राजाला आडोसा. (लुसेनाच्या १४९७च्या पुस्तकात ही स्थिती नाहीच, ती १६३४ साली साल्विओच्या पुस्तकात आली. नाव मात्र चिकटलं.)

पुढच्या स्पर्धेआधी एका मित्राला समोर बसवा, वर सांगितलेली ई५ची स्थिती मांडा, घड्याळावर पाचच मिनिटं लावा आणि दोन्ही बाजूंनी खेळा. न अडखळता बरोबरी राखता येईपर्यंत नवी ओपनिंग शिकायला घेऊ नका.