आधी नोंद, मग अर्ज

चि. मनू हिस,


फोनवर तू रडत होतीस तेव्हा मी फारसं बोलले नाही. रडणाऱ्या माणसाला कलमं ऐकवू नयेत. आता जरा सावरली असशील, म्हणून लिहिते.

'मी सीएचबीवाली, तासावर पैसे घेणारी, माझी तक्रार कोण घेणार' हे आधी डोक्यातून काढ. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३चा कायदा कायम, हंगामी, रोजंदारी, कंत्राटी असा भेद करत नाही. बिनपगारी शिकाऊ मुलगीसुद्धा त्यात येते. माझी सगळी नोकरी आस्थापना विभागात गेली. नेमणुकीची ऑर्डर कसली आहे ते पाहून टेबलापलीकडच्या माणसाचा सूर कसा बदलतो, ते मी रोज बघितलंय. या कायद्यापुढे मात्र तू आणि कायम प्राध्यापिका एकाच रांगेत. सरांचं ते वाक्य, 'पुढच्या वर्षीची ऑर्डर कोण काढतं माहीत आहे ना?', तू हसण्यावारी नेलंस. साडीवरच्या शेऱ्यांना आणि रात्री अकराच्या मेसेजना जोडून नोकरीची अशी आडून धमकी दिली, की तीही लैंगिक छळातच मोडते.

तक्रार करायची की नाही, हे तू ठरव. मी ढकलणार नाही आणि अडवणारही नाही. नोंद मात्र आजपासूनच ठेव. साधी दोनशे पानी वही घे. तारीख, वेळ, जागा, कोण काय बोललं ते त्याच शब्दांत आणि आसपास कोण होतं, एवढं लिही. 'मंगळवार, दुपारी साडेचार, सरांची केबिन. दार लोटून घेतलं. शिपाई बाहेर चहाचे कप गोळा करत होता.' असं. 'सर विचित्र वागले' असं लिहिलंस तर तक्रार ऐकणाऱ्या समितीच्या हाती काहीच लागत नाही, तो कपवाला शिपाई मात्र उद्या साक्षीदार ठरू शकतो. व्हॉट्सअॅपवरचं काही पुसू नकोस, कितीही किळस आली तरी. नंबर आणि तारीख दिसेल असे स्क्रीनशॉट काढ आणि तुझ्या खासगी ईमेलवर ठेव. विद्यापीठाच्या ईमेलवर नको.

तक्रारीची मुदत तीन महिन्यांची, शेवटच्या प्रसंगापासून मोजायची. उशिराचं कारण पटलं तर समिती ते लेखी नोंदवून आणखी तीन महिने वाढवून देऊ शकते, पण त्या भरवशावर बसू नकोस. अर्ज अंतर्गत तक्रार समितीच्या नावे, सहा प्रतींत. सोबत कागद आणि साक्षीदारांची नावं-पत्ते. आणखी एक प्रत स्वतःसाठी ने आणि तिच्यावर तारखेसह पोच घेतल्याशिवाय तिथून हलू नकोस. 'ठेवून जा, मॅडमना देतो' असं म्हणणारे सगळे वाईट नसतात, पण तारीख नसलेला अर्ज कुठल्याही कपाटात मावतो.

समितीचा फलक आधी नीट वाच. यूजीसीच्या २०१५च्या नियमांनुसार विद्यापीठात अध्यक्ष प्राध्यापक दर्जाची महिला हवी, दोन शिक्षक आणि दोन शिक्षकेतर हवेत, बाहेरचा एक सदस्य हवा आणि निम्म्याहून कमी महिला चालत नाहीत. कुलगुरू, कुलसचिव, अधिष्ठाता, विभागप्रमुख यांना तिथे बसताच येत नाही. तुमच्या फलकावर त्यातलं कुणी दिसलं, तर फोटो काढून ठेव.

अर्जातच अंतरिम मागणी घाल. तीन महिन्यांपर्यंतची रजा मागता येते, पण तासावर पैसे मिळणारीला ती कितपत परवडणार! त्यापेक्षा चौकशी संपेपर्यंत सरांनी तुझ्या कामाचं मूल्यमापन करू नये, हे माग. तशी तरतूद आहे आणि तुझी खरी भीती तीच आहे.

आता थोडं कडू. नव्वद दिवसांत चौकशी व्हायला हवी असं नियम सांगतो, पण घाईने झालेली चौकशी तुझ्याच मुळावर येते. गोवा विद्यापीठात २००९ साली विद्यार्थिनींनी एका विभागप्रमुखाविरुद्ध तक्रारी केल्या. समितीने भराभर बैठका घेतल्या, त्याला बडतर्फ केलं गेलं, उच्च न्यायालयानेही ते उचलून धरलं. मे २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते सगळं रद्द करून चौकशी पुन्हा मागच्या टप्प्यावर नेली. तक्रार खोटी होती असं न्यायालय म्हणालं नाही. आरोपीला बाजू मांडायला पुरेसा वेळ दिला गेला नाही, एवढंच. चौदा वर्षांनी! म्हणून सरांनी कागदपत्रं मागितली, मुदत मागितली, उलटतपासणीचे प्रश्न लेखी पाठवले, तरी संतापू नकोस. त्यांना मिळालेली प्रत्येक रास्त संधी उद्या तुझा निकाल टिकवणार आहे. समितीचा अहवाल हाच शिस्तभंगाच्या कारवाईसाठी चौकशी अहवाल मानायचा, हेही सर्वोच्च न्यायालयाने ठरवून दिलंय. ते ज्या दुसऱ्या प्रकरणात ठरलं, ते पुण्याच्या 'आलोचना' संस्थेच्या मेधा कोतवाल यांच्या पत्रावरून उभं राहिलं होतं.

मधल्या काळात कुणीतरी ज्येष्ठ बाई चहाला बोलावतील आणि 'मिटवून टाक गं, ते वडिलांसारखे आहेत' म्हणतील. समेट फक्त तक्रारदार बाईनेच मागितला तर होतो आणि त्यात पैशांचा व्यवहार चालत नाही. चहा पी आणि ये. 'सिद्ध झालं नाही तर तुलाच शिक्षा' हीसुद्धा नुसती भीती. जाणूनबुजून खोटी तक्रार केल्याचं सिद्ध झालं तरच कारवाई होते, पुरावा कमी पडला म्हणून नाही. स्टाफच्या ग्रुपवर किंवा फेसबुकवर मात्र एक अक्षर टाकू नकोस, कायद्याने गुप्तता बंधनकारक आहे. जवळच्या एका माणसाशी मन मोकळं करायला तो कायदा आड येत नाही.

तुझ्या शेजारच्या टेबलावरच्या त्या क्लार्कला सर सगळ्यांदेखत घालूनपाडून बोलतात म्हणालीस. त्याला या समितीत आणू नकोस. त्याची वाट विद्यापीठाच्या तक्रार निवारण समितीची, आणि तो अनुसूचित जाती-जमातीतला असून बोलण्यात जात आली असेल तर अॅट्रॉसिटी कायद्याची. पण त्याला तुझा साक्षीदार व्हायला सांगून बघ. घाबरला तर रागावू नकोस, त्यालाही घर चालवायचंय.

दादाशी मी बोलते. तो म्हणेल, सोड ती नोकरी आणि घरी ये. तुझ्या काळजीनेच म्हणेल, पण त्याचं ऐकून सेट-पीएचडी केलेल्या मुलीने का जावं, जायचं तर सरांनी जावं. वहिनीला आजच सांग, ती तुला वाटते त्याहून खंबीर आहे.

रविवारी येते. तोवर अर्जाचा मसुदा करून ठेव, भाषा मी बघीन. 'मला मानसिक त्रास झाला' असलं मोघम वाक्य नको. काय झालं, कधी झालं, कुठे झालं, तेवढंच लिही.

तुझी,
आत्या