आधार आपला, निर्णय त्याचा



दसरा-दिवाळी उरकली की आपल्या सोनपेठ तालुक्यातून पुष्कळ कुटुंबे ऊसतोडीला निघतात. त्या वेळी काही घरांत दरवर्षी एकच प्रश्न उभा राहतो : घरातल्या अपंग भावाचे काय करायचे? तो तीस वर्षांचा झाला तरी आपण त्याला ‘पोरगं’च समजतो. त्याला कधी फडावर नेतो, कधी म्हाताऱ्या आईजवळ ठेवतो. “तुला कुठे राहायचे आहे?” असे मात्र त्याला कोणी विचारत नाही. आजच्या पाठात आपण याचाच विचार करू या.

स्वतंत्र जगणे म्हणजे काय?

स्वतंत्र जगणे म्हणजे सगळे एकट्याने करणे नव्हे. धडधाकट माणसालाही शेजारी लागतो, गिरणीवाला लागतो. ज्याला हात धरून आंघोळीला न्यावे लागते, तोही काय खायचे, कुठे जायचे, आपला पैसा कशावर खर्च करायचा हे ठरवू शकतो. कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांना तरुण वयात अपंगत्व आले. त्यांनी चाकाच्या खुर्चीवरून नोकरी केली आणि १९८४ साली अपंगांसाठी ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था उभी केली. मदत त्यांनाही लागली, पण आयुष्याचे निर्णय त्यांचे स्वतःचे होते.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ हेच सांगतो. त्याच्या कलम ५ नुसार दिव्यांग व्यक्तीला समाजात राहण्याचा हक्क आहे. अमुक ठिकाणीच राहा, अशी सक्ती तिच्यावर करता येत नाही. घरी येणाऱ्या मदतनिसाचाही उल्लेख त्यात आहे. खेड्यात मात्र ते काम बहुतेक आई, बहीण किंवा वहिनीच करते. म्हणून मिळणारा आधार वेळेवर मिळवणे आणि घरच्या माणसांचा भार वाटून घेणे, या दोन्ही गोष्टी आपल्याला कराव्या लागतील.

कोणता आधार मिळू शकतो?

१) प्रथम दिव्यांग प्रमाणपत्र व युडीआयडी कार्ड काढावे. अर्ज ऑनलाइन होतो, तपासणी सरकारी रुग्णालयात होते. बहुतेक सवलतींसाठी किमान ४० टक्के अपंगत्व लागते.

२) संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा अर्ज तहसील कार्यालयात करावा. उत्पन्नाची व इतर अटींची चौकशी तेथेच करावी. दिव्यांगांचे मासिक अनुदान ऑक्टोबर २०२५ पासून १,५०० वरून २,५०० रुपये करण्यात आले. हयातीचा दाखला मुदतीत द्यावा. घरचे फडावर असले, तर ही तारीख हमखास चुकते.

३) स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक अपंगत्व किंवा बहुविकलांगता असल्यास राष्ट्रीय न्यासाच्या ‘निरामय’ योजनेतून एक लाख रुपयांपर्यंत आरोग्य विमा मिळतो.

४) एस.टी.च्या प्रवासात सवलत आहे. ग्रामपंचायतीनेही स्वतःच्या उत्पन्नातील ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. ग्रामसभेत त्याची विचारणा करावी.

अनुदान त्या व्यक्तीच्या नावावर येते. ते तिच्या हाती द्यावे, निदान तिला विचारून खर्च करावे.

आपण काय करावे?

यरीहोच्या वाटेवर आंधळा बार्तिमय प्रभूला हाका मारत होता. त्याला काय हवे हे कोणालाही कळले असते. तरी प्रभूने त्यालाच विचारले आणि त्याच्या तोंडून ऐकले. आपणही आधी विचारावे, मग मदत करावी.

या आठवड्यात प्रत्येक वाडीतील दोघांनी अशा एका घरी जावे. कागद अडले असतील तर तहसीलला सोबत जावे. घरचे ऊसतोडीला गेल्यावर पाणी, औषध आणि दाखल्याची तारीख कोण पाहणार, हे त्या व्यक्तीसमोर बसून, तिच्या संमतीने ठरवावे.

घरी चर्चा करा :

१) आपल्या घरातील अपंग माणसाला विचारल्याशिवाय आपण कोणते निर्णय घेतो?

२) त्याची सेवा करणाऱ्या बाईला विसावा कधी मिळतो?