उसाच्या पेशीचे मडके : कच्चे की पक्के?



तेरच्या गोरोबाकाकांनी थापटीने संतांची डोकी थोपटून कच्चे मडके ओळखले, ही कथा आपल्याकडे पोरासोरांनाही ठाऊक आहे. उसाच्या पानातली पेशी हेही एक मडकेच समजा. तिच्याभोवती स्निग्ध पदार्थांच्या दोन थरांचा आणि प्रथिनांचा अतिशय पातळ पापुद्रा असतो. साखर, पालाश आत धरून ठेवायचे काम त्याचे. तो पाझरला की पेशी संपली.

यात धातूंचा संबंध काय? लोह, तांबे, जस्त उसाला हवेतच, पण चिमूटभर. लोह किंवा तांबे पेशीत मोकळे आणि जास्त झाले, की तिथल्या हायड्रोजन पेरॉक्साइडपासून फार जहाल कण तयार होतात. ते पापुद्र्यातल्या स्निग्धांशावर तुटून पडतात. उघडे राहिलेले करडईचे तेल खवट होते ना, तसाच हा प्रकार. कॅडमियम तर पिकाला नकोच. ते पेशीची बचावाची फळीच मोडते.

उलट जस्त कमी पडले तरी पापुद्रा पाझरतो. हा खवटपणा रोखणाऱ्या एका विकराला जस्त आणि तांबे दोन्ही लागतात. म्हणजे कमी नको, जादाही नको.

प्रयोगशाळेत पानाचे तुकडे शुद्ध पाण्यात ठेवून पाण्याची विद्युतवाहकता मोजतात. क्षार जेवढे पाझरले, तेवढे मडके कच्चे!

आता आपल्या शिवाराचे बघू. तेरणाकाठच्या काळ्या, चुनखडीच्या रानात लोह असूनही मुळांना मिळत नाही. कोवळी पाने पिवळी, शिरा हिरव्या, म्हणजे केवडा पडला. मग आपण घाबरून दुप्पट औषध फवारतो आणि पाने करपवून घेतो. पैसा गेला, पीकही गेले!

म्हणून आधी माती तपासा. कमतरता निघाली तरच हेक्टरी 25 किलो फेरस सल्फेट आणि 20 किलो झिंक सल्फेट द्या. ते नुसते फेकू नका. दसपट कुजलेल्या शेणखतात मिसळून 8 ते 10 दिवस मुरवा, मग सरीत द्या. शहरी कचऱ्याचे वा गाळाचे खत स्वस्त मिळाले, तरी जड धातूंची तपासणी झाल्याशिवाय रानात टाकू नका. एकदा मातीत गेलेला धातू सहजी निघत नाही.

मडके फुटल्यावर सांधत बसण्यापेक्षा आधीच वाजवून घ्यावे, एवढेच आमचे सांगणे.