जुनी मोटार : काळजी आणि काटकसर

डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० ही छोटी मोटार भारतात आली आणि मध्यमवर्गीय कुटुंबाला मोटार आवाक्यातील वस्तू वाटू लागली. २०१४ मध्ये तिचे उत्पादन थांबले. तरी अशा जुन्या मोटारी आजही एका मालकाकडून दुसऱ्याकडे जाताना दिसतात. जुनी मोटार घेणे सोपे, पोसणे अवघड. किंमत एकदाच मोजावी लागते. इंधनाचा खर्च मात्र नित्याचा असतो. म्हणून नव्या मालकाने प्रथम हिशेब ठेवण्याची सवय लावून घ्यावी.

टाकी पूर्ण भरून मीटरवरील आकडा टिपावा. काही दिवसांनी टाकी पुन्हा पूर्ण भरावी. मधल्या काळात गाडी ३२० किलोमीटर धावली आणि या वेळी २० लिटर पेट्रोल मावले, तर लिटरमागे १६ किलोमीटर पडले. यालाच बोलीभाषेत ‘ॲव्हरेज’ म्हणतात. वैद्य नाडीवरून प्रकृती ओळखतो, तसा जाणता मालक या आकड्यावरून इंजिनाची प्रकृती ओळखतो.

आकडा घसरण्याची कारणे बहुधा साधी असतात. कार्बोरेटर असलेल्या जुन्या इंजिनात एअर फिल्टर धुळीने तुंबला, की हवा कमी व पेट्रोल जास्त जाते. स्पार्क प्लग झिजले, की इंधन पुरते जळत नाही. टायरमध्ये हवा कमी असेल, तर गाडी ओढण्यास इंजिनाला अधिक श्रम पडतात. हवा टायर थंड असताना तपासावी. इथेनॉलमिश्रित पेट्रोलमुळेही ॲव्हरेज थोडे उतरते; कारण इथेनॉलमधील ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक-तृतीयांशाने कमी असते. शिवाय जुन्या रबरी नळ्यांवर त्याचा परिणाम होऊ शकतो. त्या अधूनमधून मेकॅनिककडून तपासून घ्याव्यात.

ऑइल हे इंजिनाचे रक्तच होय. गाडी सपाट जागी उभी करून, इंजिन बंद केल्यावर काही मिनिटांनी डिपस्टिक पाहावी. ऑइल दोन खुणांच्या मध्ये असावे. ते दुधाळ दिसल्यास त्यात पाणी मिसळल्याचा संभव असतो. अशी गाडी पुढे न चालवता मेकॅनिकला दाखवावी. इंजिन तापलेले असताना रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये. उकळत्या पाण्याने भाजण्याचा धोका असतो.

चालवण्याची रीतही तितकीच महत्त्वाची. १९७८ मध्ये स्थापन झालेली पेट्रोलियम कॉन्झर्व्हेशन रिसर्च असोसिएशन ही संस्था ताशी ४५ ते ५५ किलोमीटर वेगाची शिफारस करते. क्लचवर पाय ठेवून गाडी चालवणे, उभ्या गाडीचे इंजिन चालू ठेवणे, वारंवार करकचून ब्रेक लावणे या सवयी पेट्रोल वाया घालवतात.

काटकसर आणि हयगय यांत अंतर आहे. ऑइल बदलण्याचे पैसे वाचवणारा मालक पुढे इंजिन उघडण्याचा खर्च सोसतो. वेळेवर केलेला लहान खर्च हीच खरी बचत होय.

स्वाध्याय
१. ॲव्हरेज कसे काढतात? २७० किलोमीटरला १५ लिटर पेट्रोल लागल्यास ते किती?
२. ॲव्हरेज घसरण्याची तीन कारणे लिहा.
३. ‘काटकसर’ व ‘हयगय’ यांतील फरक स्वतःच्या शब्दांत उदाहरणासह स्पष्ट करा.