वेड पांघरलेला रक्तगट



'वेड पांघरून पेडगावला जाणे' हा वाक्प्रचार तुम्ही मराठीच्या परीक्षेसाठी पाठ केला असेल. एखाद्याला सगळे ठाऊक असते, पण आपण त्या गावचेच नव्हे असे सोंग तो आणतो, तेव्हा आपण असे म्हणतो. पेडगावे महाराष्ट्रात एकाहून अधिक आहेत. वाक्प्रचारातले पेडगाव ते भीमेकाठचे, असे बहुतेक जण मानतात. पण एक पेडगाव परभणी जिल्ह्यातही आहे, आणि आज आपण तिथेच जाणार आहोत. कारण आपल्याला भेटायचे आहे ते अशाच एका सोंगाड्याला. तो माणूस नाही. तो एक रक्तगट आहे.

समजा, पेडगावच्या शाळेत रक्तगट-तपासणीचे शिबिर भरले आहे. टेबलावर पांढरी फरशी आहे. बोटाला सुई टोचून काढलेल्या रक्ताचे थेंब तिच्यावर ठेवले जातात. एका थेंबात निळे औषध मिसळतात, दुसऱ्यात पिवळे. निळ्यात रक्ताच्या गुठळ्या झाल्या तर गट 'ए', पिवळ्यात झाल्या तर 'बी', दोन्हींत झाल्या तर 'एबी', आणि दोन्ही थेंब जसेच्या तसे राहिले तर 'ओ'. कार्ल लँडस्टायनर याने विसाव्या शतकाच्या आरंभी रक्तगट शोधून काढले. त्याबद्दल त्याला १९३० साली नोबेल पारितोषिक मिळाले.

आता एका मुलाचे दोन्ही थेंब तसेच राहिले. कार्डावर 'ओ' असे लिहिले गेले. मुलगा कार्ड खिशात घालून घरी गेला. तपासणाऱ्याची काहीच चूक झाली नाही. तरीही, क्वचित कधी तरी, या कार्डावरचा 'ओ' खोटा असतो. अशा मुलाला पुढे अपघात झाला आणि कार्ड पाहून कोणी घाईने 'ओ' गटाचे रक्त चढवले, तर ते रक्त त्याच्या जिवावर बेतू शकते.

हे कोडे प्रथम उलगडले ते आपल्या मुंबईत. डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांचे सहकारी देशपांडे व भाटिया यांना काही व्यक्तींचे रक्त चमत्कारिक वाटले. त्यांच्या तांबड्या पेशी 'ओ'सारख्या वागत होत्या, पण त्यांचा रक्तद्रव खुद्द 'ओ' गटाच्या पेशींच्याही गुठळ्या करत होता! 'ओ'च्या माणसाला 'ओ'चे रक्त चालत नाही, असे कधी ऐकले आहे का? इंग्लंडमधल्या तज्ज्ञांच्या सहकार्याने त्यांनी १९५२ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात हा शोध प्रसिद्ध केला. तेव्हापासून जगभर या गटाला 'बॉम्बे' रक्तगट म्हणतात. शहराचे नाव पुढे बदलले. रक्तगटाचे तेच राहिले.

हे सोंग कसे वठते ते समजण्यासाठी आपल्याला तांबड्या पेशीच्या पृष्ठभागावर उतरावे लागेल.

पेशीला एक घर समजा. घराच्या भिंतीवर एक खुंटी ठोकलेली आहे. 'ए' गटाच्या घरात त्या खुंटीवर टोपी टांगलेली असते, 'बी' गटाच्या घरात उपरणे. 'एबी'च्या घरात काही खुंट्यांवर टोप्या आणि काहींवर उपरणी. 'ओ'च्या घरात खुंटी असते, पण ती रिकामी. या खुंटीला शास्त्रज्ञ 'एच' म्हणतात. खुंटी काय, टोपी काय, उपरणे काय, या साऱ्या साखरेच्याच जाती आहेत बरे! पेशीच्या पृष्ठभागावर साखरेच्या रेणूंच्या छोट्या साखळ्या असतात. साखळीच्या टोकाला फ्युकोज नावाची साखर जोडली की खुंटी तयार झाली. त्यावर आणखी एक साखर चढली की 'ए' किंवा 'बी'. 'बी'ची साखर म्हणजे गॅलॅक्टोज. दुधातल्या साखरेचा अर्धा भाग हीच असते. 'ए'ची साखर तिचीच एक बहीण, फक्त तिच्यात नायट्रोजन असतो.

आता एक प्रश्न. रक्तगट आईबापांकडून जनुकांच्या द्वारे येतो हे तुम्ही वाचले आहे. मग जनुकात साखर भरलेली असते का? मुळीच नाही. जनुक म्हणजे डीएनए या लांबलचक रेणूचा एक तुकडा, आणि त्यात असतो तो फक्त मजकूर. तो चारच अक्षरांत लिहिलेला असतो : ए, टी, जी आणि सी. (यांची रक्तगटाच्या ए-बीशी गल्लत करू नका. शास्त्रज्ञांना अक्षरे पुरत नाहीत, त्याला आपला इलाज नाही.) या मजकुराची नक्कल पेशीच्या केंद्रकातून बाहेर जाते आणि बाहेर ती तीन-तीन अक्षरांच्या गटांनी वाचली जाते. प्रत्येक गट एका अ‍ॅमिनो आम्लाचे नाव सांगतो. अशी वीस प्रकारची अ‍ॅमिनो आम्ले आहेत. ती सांगितलेल्या क्रमाने एकापुढे एक गुंफली की प्रथिन तयार होते.

पण प्रथिन सुतासारखे सरळ राहत नाही. ते क्षणात गुंडाळते, दुमडते आणि त्याला ठरावीक आकार येतो. कोणत्या अ‍ॅमिनो आम्लाला पाणी आवडते, कोणते तेलासारखे पाण्यापासून दूर पळते, कोणावर विद्युतभार आहे, यावर तो आकार ठरतो. आणि आकारावर काम ठरते. काही प्रथिने कामगार असतात. त्यांना विकरे म्हणतात. साखळीला फ्युकोज जोडणारे विकर हा आपला खुंटी ठोकणारा सुतार. टोपी टांगणारा कामगार वेगळा आणि उपरणे टांगणारा वेगळा. म्हणजे जनुक साखर देत नाही, तो साखर बसवणारा कामगार देतो. हे एवढे पक्के लक्षात ठेवले की पुढचे सारे सोपे आहे.

सुताराचे जनुक आपल्या एकोणिसाव्या गुणसूत्रावर आहे. टोपी-उपरण्याचे जनुक तिथून दूर, नवव्या गुणसूत्रावर. सुतार-विकर ३६५ अ‍ॅमिनो आम्लांचे बनलेले आहे, म्हणजे त्याचा मजकूर ३६५ गुणिले ३, सुमारे अकराशे अक्षरांचा. भारतातल्या बॉम्बे गटाच्या व्यक्तींमध्ये या मजकुराची तपासणी झाली, तेव्हा सामान्यपणे आढळलेला बिघाड किती असावा? एका अक्षराचा! ७२५ व्या जागी 'टी' असायला हवा, तिथे 'जी' आहे. त्यामुळे २४२ वे अ‍ॅमिनो आम्ल बदलले. ल्यूसिनच्या जागी आर्जिनिन आले. ल्यूसिन पाण्यापासून दूर पळणारे, आर्जिनिन विद्युतभारित आणि पाण्याची ओढ असलेले. एक कडी बदलली आणि सुतार निकामी झाला. डीएनएच्या मजकुरातल्या अशा बदलाला उत्परिवर्तन म्हणतात.

प्रत्येक उत्परिवर्तन सारखेच नुकसान करते असे मात्र समजू नका. तीन-तीन अक्षरांच्या शब्दांचे एक वाक्य घ्या :

मगन सरळ बदक पकड

आता 'बदक' मधल्या 'क'च्या जागी 'ल' घाला.

मगन सरळ बदल पकड

एकच शब्द बिघडला; बाकीचे वाक्य शाबूत आहे. सुताराच्या जनुकात झाले ते असे. पण 'मगन' मधला 'ग' नुसता गाळून टाका आणि पुन्हा तीन-तीन अक्षरे वाचा.

मनस रळब दकप कड

संपूर्ण वाक्याचा चुथडा! वाचणाऱ्याने तीनचा हिशेब सोडला नाही, म्हणूनच हा गोंधळ झाला. गंमत म्हणजे आपल्या ओळखीचा साधा 'ओ' गट बहुधा असाच जन्मला आहे. 'ए'च्या टोपीवाल्या कामगाराच्या मजकुरातून २६१ वे अक्षर गळाले आणि पुढचा मजकूर निरर्थक झाला. टोपी नाही, उपरणे नाही, खुंटी रिकामी. उलट 'ए' आणि 'बी' यांचे कामगार पाहा : त्यांच्यात अवघ्या चार अ‍ॅमिनो आम्लांचा फरक आहे, आणि तेवढ्याने एक टोपी उचलतो, दुसरा उपरणे. म्हणजे उत्परिवर्तनाने कामगार मरतो असेच नाही, कधी तो नवे काम शिकतो. आणि कधी एका अक्षराने आयुष्यभराचे दुखणे मागे लागते. पूर्व विदर्भात आणि नंदुरबारकडे ज्याची मोठी काळजी घ्यावी लागते त्या सिकलसेल आजाराचे मूळही हिमोग्लोबिनच्या जनुकातले एकच बदललेले अक्षर आहे.

बॉम्बे गटाच्या माणसाला तसे काही दुखत-खुपत नाही. खुंटीवाचून त्याचे काहीही अडत नाही. तो शेतात राबतो, खोखो खेळतो, म्हातारा होतो. अडचण येते ती रक्त घेताना. आपले शरीर स्वतःच्या पेशींवर जे नाही त्याला परके मानते आणि त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार ठेवते. 'ए'च्या माणसाकडे उपरण्याविरुद्ध प्रतिपिंडे असतात, 'ओ'कडे टोपी आणि उपरणे या दोहोंविरुद्ध. बॉम्बे गटाच्या शरीराने तर खुंटीच कधी पाहिलेली नसते, म्हणून त्याच्याकडे तिन्हींविरुद्ध प्रतिपिंडे! आणि 'ओ'च्या रक्तात काय असते? पेशीगणिक उघड्या खुंट्या. सर्वांना चालणारे म्हणून नावाजलेले 'ओ'चे रक्त याच माणसाला सर्वांत घातक ठरते ते यामुळे. त्याला चालते फक्त त्याच्याच गटाचे रक्त.

फरशीवरच्या निळ्या-पिवळ्या थेंबांना हे का कळले नाही? ते विचारतात, 'टोपी आहे का? उपरणे आहे का?' खुंटी आहे का, हे कोणी विचारतच नाही. म्हणून रक्तपेढीत उलट तपासणीही करतात. माणसाचा रक्तद्रव घेऊन त्यात ठाऊक असलेल्या 'ए', 'बी' आणि 'ओ'च्या पेशी मिसळतात. 'ओ'च्या पेशींच्या गुठळ्या झाल्या की सोंग उघडे पडले! खुंटी थेट ओळखणारे औषधही आहे. ते युलेक्स नावाच्या एका काटेरी युरोपीय झुडपाच्या बियांतून मिळते. बियांवरून आठवले : आपल्याकडच्या हुलग्यांचा अर्क 'ए' गटाच्या मुख्य उपप्रकाराच्या पेशींच्या गुठळ्या करतो, हे १९५१ साली बर्ड या संशोधकाने दाखवून दिले. हुलग्याचे माडगे पिणाऱ्यांनी घाबरू नये. हा प्रयोग काचनळीतला आहे.

आता हे सोंग कुटुंबात काय घोटाळा करते ते पाहा. बाप कार्डावर 'ओ', आई 'ए', आणि मूल निघाले 'एबी'. पुस्तक सांगते की असे होऊच शकत नाही. मुलाला 'बी' आला कुठून? गावात कुजबुज सुरू होते आणि बोट नेहमीप्रमाणे आईकडे जाते. प्रत्यक्षात बाप बॉम्बे गटाचा असू शकतो. त्याच्याकडे उपरणे टांगणारा कामगार धडधाकट आहे, पण खुंटीच नाही तर तो टांगणार कुठे? बापाने ते 'बी'चे जनुक मुलाला दिले. आईने खुंटीचे चांगले जनुक दिले, आणि मुलाच्या पेशींवर उपरणे दिसू लागले. ही नुसती कल्पना नाही. १९५५ साली लेव्हिन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतले असे एक कुटुंब वर्णिले. त्यातली आई या गटाची होती, आणि तिच्यात दडलेले 'बी' जनुक तिच्या मुलीत प्रकट झाले होते.

प्रत्येकाकडे सुताराच्या जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून, एक वडिलांकडून. एक जरी चांगली असली तरी खुंट्या बसतात. दोन्ही बिघडलेल्या असतील तरच बॉम्बे गट. आपल्या देशात असा माणूस सुमारे दहा हजारांत एक आढळतो. युरोपात दहा लाखांत एखादा. यावरून एक हिशेब करता येतो. दोन्ही प्रती बिघडलेल्या असण्याची शक्यता दहा हजारांत एक, तर एक प्रत बिघडलेली असण्याची शक्यता तिचे वर्गमूळ, म्हणजे शंभरात एक. दोन प्रतींपैकी कुठलीही एक बिघडलेली असू शकते, म्हणून दर पन्नास माणसांत सुमारे एक जण ही बिघडलेली प्रत गुपचूप बाळगून आहे. तुमच्या वर्गातही असेल.

आणि नात्यात लग्न झाले तर? आपल्याकडे मामाची मुलगी करण्याची चाल आहे. एखाद्याकडे ही प्रत असेल, तर ती आईकडून आलेली असण्याची शक्यता अर्धी. आईकडे असेल, तर मामाकडे असण्याची पुन्हा अर्धी. मामाकडून त्याच्या मुलीला जाण्याची आणखी अर्धी. अर्ध्याच्या अर्ध्याचे अर्धे, म्हणजे आठात एक. परक्या मुलीच्या बाबतीत ती पन्नासात एक होती. या गटाचा माणूस सापडला की त्याच्या सख्ख्या भावंडांचे रक्त आधी का तपासतात, तेही आता तुमच्या लक्षात येईल. आईबाप दोघेही एकेक बिघडलेली प्रत बाळगणारे असतील, तर प्रत्येक भावंड त्याच गटाचे असण्याची शक्यता चारात एक असते. दुर्मीळ रक्ताचा पहिला दाता बहुधा घरातच सापडतो.

मुंबईत परळला १९५७ साली रक्तगटांच्या अभ्यासाचे एक केंद्र सुरू झाले. आज ती राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तशास्त्र संस्था आहे. डॉ. भेंडे यांच्यासोबत काम केलेले डॉ. भाटिया पुढे तिचे संचालक झाले. नेहमीच्या तपासणीत न उलगडणारे रक्ताचे नमुने अशा ठिकाणी पाठवले जातात.

आता कागद-पेन्सिल घ्या आणि एक उदाहरण सोडवा. वर सांगितलेला 'एबी' गटाचा मुलगा मोठा झाला. त्याला बापाकडून खुंटीची बिघडलेली प्रत मिळालेली आहेच. त्याची बायकोही 'एबी' गटाची, आणि तिच्याकडेही एक बिघडलेली प्रत. पुस्तकाप्रमाणे या जोडप्याला 'ओ' गटाचे मूल होता कामा नये. तर मग त्यांच्या मुलाच्या कार्डावर 'ओ' लिहिले जाण्याची शक्यता किती? आणि त्या मुलाकडून पुढे त्याच्या मुलांना टोपीचे जनुक जाईल, उपरण्याचे, की काहीच नाही?